झेड/व्हीएमसाठी बॅकअप आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात 'लाइन गेली' म्हणजे वीज गेली आणि 'नेट गेलं' म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडली. या दोन्हींच्या भरवशावर मी गेली काही वर्षं घराच्या माडीवरून दूरच्या डेटा सेंटरमधली मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचा अवाढव्य संगणक, सांभाळतो. मेनफ्रेमचा हिरवा पडदा, म्हणजे नुसत्या अक्षरांची स्क्रीन, त्यासाठी फार सोयीचा. २४ ओळी, ८० रकाने, म्हणजे एका वेळी १,९२० अक्षरं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वावराच्या धुऱ्यावर बसूनही काम होतं.

पुसद, वाशीम, आर्वीकडची पोरं अधूनमधून फोन करतात. पुण्यातल्या कंपनीने मेनफ्रेमच्या टीममध्ये टाकलं, दोन वर्षांत जुने लोक निवृत्त झाले आणि आता बॅकअप व सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची निवड यांच्याच गळ्यात. 'दादा, बैठकीत काय विचारू?' त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत आलो ते इथे सलग लिहितो.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. बहुतेक ठिकाणी बॅकअपची खरेदी एक टीम करते, सुरक्षेची दुसरी, आणि दोन्हींच्या फायली वेगळ्या कपाटात जातात. झेड/व्हीएमवर, म्हणजे एका मेनफ्रेमच्या आत अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या आयबीएमच्या सिस्टिमवर, हे अंगलट येतं. अशा आभासी यंत्राला मी इथे मशीन म्हणतो. बॅकअप घेणारं मशीन सगळ्यांच्या डिस्का वाचू शकतं, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचं मशीन तेच. आणि सिस्टिम कोसळल्यावर सुरक्षेचा डेटाबेस परत आला नाही, तर बाकी सगळं परत येऊनही कोणाला आत जाता येत नाही. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच टेबलावर ठेवून निवडा.

आधी सातबारा समजून घ्या

एका यंत्रावर अनेक यंत्रं चालवायची ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकात सीपी-४० या रूपात आकाराला आली. ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० ची घोषणा झाली. आजच्या झेड/व्हीएमची ७.४ ही आवृत्ती सप्टेंबर २०२४ ची आहे. मूळ मांडणी अजून तीच: खाली सीपी, म्हणजे यंत्र सगळ्यांना वाटून देणारा मूळ प्रोग्राम, त्याच्यावर सीएमएसची (एकेका माणसाने वापरायची छोटी सिस्टिम) मशीनं आणि हल्ली मुख्यतः लिनक्सची.

मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येक मशीनला मिनिडिस्क दिल्या जातात. कोणाचा तुकडा कितव्या सिलिंडरपासून (सिलिंडर म्हणजे डिस्क मोजायचं माप) किती सिलिंडर, याची नोंद यूझर डिरेक्टरीत असते. ही डिरेक्टरी म्हणजे आपला सातबारा. वावर जागच्या जागी आहे, पण धुरे वाहून गेले आणि तलाठ्याचं दप्तर जळालं, तर कोणतं वावर कोणाचं हे कोण सांगणार? आणि धुरा कोरण्याचं भांडण इथेही होतं. डिरेक्टरी हाताने लिहिताना दोन मशीनना एकच सिलिंडर दिले, तरी सीपी हरकत घेत नाही. दोघंही आपलंच समजून लिहीत राहतात आणि महिन्याभराने कोणाची तरी फाइल फाटलेली सापडते. असं अतिक्रमण शोधायला डिस्कमॅप ही सोय झेड/व्हीएमसोबतच येते. निवडीच्या कामाला लागण्याआधी ती एकदा चालवाच. आधीच बिघडलेल्या डिस्कचा उत्तम बॅकअप घेऊन काय करणार?

पहिली पायरी: काय परत आणायचंय, त्याची यादी

व्हेंडरला बोलावण्याआधी ही यादी कागदावर असू द्या. सिस्टिमची मूळ डिस्क, सिस्टिम कॉन्फिग, डिरेक्टरीची मूळ फाइल, सीएमएसच्या मिनिडिस्का, शेअर्ड फाइल सिस्टिमचे पूल (अनेकांच्या फायलींचे एकत्र साठे), सुरक्षेचा डेटाबेस, टेपचा कॅटलॉग (कोणत्या टेपवर काय, याची यादी), लिनक्सच्या डिस्का. पेजिंगच्या (मेमरी कमी पडली की वापरायच्या) आणि तात्पुरत्या डिस्कांचा बॅकअप लागत नाही. परत आणताना त्या फक्त फॉरमॅट करून मांडायच्या. तरी कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं त्याही टेपवर जात राहतात.

यादीतून हमखास सुटतो तो स्पूल. स्पूल म्हणजे छपाईच्या फायली, गेल्या तर गेल्या, असं नव्या माणसाला वाटतं. पण नाव देऊन जतन केलेल्या सिस्टिम आणि सामायिक सेगमेंटही (अनेक मशीननी मिळून वापरायचे मेमरीचे तुकडे) स्पूलमध्येच राहतात. सीएमएससुद्धा सहसा तिथूनच सुरू होतं. चालू सिस्टिमच्या स्पूल डिस्कची सरळ नक्कल भरवशाची नसते. त्यासाठी एसपीएक्सटेप ही वेगळी आज्ञा आहे. म्हणून व्हेंडरला पहिला प्रश्न हा टाका: 'तुमचं सॉफ्टवेअर स्पूलमधल्या सिस्टिम फायली स्वतः घेतं, की ते आम्हीच करायचं?' उत्तर काहीही असलं तरी हरकत नाही, पण ते माहीत हवं.

दुसरी पायरी: घरात काय आहे ते बघा

झेड/व्हीएमसोबत डीडीआर फुकट येतं. अख्खी डिस्क टेपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि परत चढवतं. त्याचा मोठा गुण असा की खाली कोणतीही सिस्टिम नसली तरी ते एकटं बूट होऊन चालतं. कोऱ्या यंत्रावर पहिलं पाऊल बहुतेक वेळा तेच टाकतं. एसपीएक्सटेप आहे, शेअर्ड फाइल सिस्टिमसाठी फाइलपूल बॅकअप आहे.

सीएमएसची मोजकी मशीनं, महिन्यातून चार बदल आणि रात्री दोन तास सगळं बंद ठेवायची मुभा असेल, तर डीडीआर आणि रेक्स या झेड/व्हीएमवरच्या भाषेतल्या दोन-तीन स्क्रिप्टांवर निभतं. व्हेंडरला हे ऐकून आनंद होणार नाही. पण डीडीआरला फाइल हा प्रकारच कळत नाही. कोणी एक फाइल चुकून खोडली, तर तुम्हाला अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवून त्यातून ती शोधावी लागते. महिन्यातून किती वेळा अशी मागणी येते, ते मोजा. विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

रात्रीचा वेळ पुरतो का, हेही आकड्यात मांडा. मेनफ्रेमची ३३९० मॉडेल ९ प्रकारची एक डिस्क १०,०१७ सिलिंडरची, म्हणजे साधारण ८.५ जीबी. अशा २०० डिस्का म्हणजे १.७ टीबी. टेपचा एक ड्राइव्ह प्रत्यक्षात सेकंदाला १०० एमबी घेत असेल, तर १७,००० सेकंद, म्हणजे पावणेपाच तास. दोन ड्राइव्ह असतील तर निम्मा वेळ, पण दोन्ही एकाच वाटेने डेटा खेचत नसतील तरच. कागदावरचा वेग यात धरू नका. एक डिस्क उतरवून घड्याळ लावा.

तिसरी पायरी: विकतचं बॅकअप सॉफ्टवेअर

या बाजारात दुकानं फार नाहीत. आयबीएमचं बॅकअप अँड रिस्टोअर मॅनेजर आहे आणि त्याला जोड म्हणून टेप मॅनेजर. दुसरीकडे ब्रॉडकॉमकडे व्हीएम:बॅकअप आणि व्हीएम:टेप आहेत. ही घराणी पूर्वी सीए टेक्नॉलॉजीजची होती. २०१८ मध्ये ब्रॉडकॉमने सीए विकत घेतली, त्यामुळे जुन्या कागदांत सीएचं नाव दिसलं तर गोंधळू नका. पूर्ण आणि बदलापुरता बॅकअप, फाइलनिहाय परत आणणं, काय घ्यायचं नि काय गाळायचं याचे नियम, आणि कोणती फाइल कोणत्या टेपवर याचा कॅटलॉग, एवढं दोघांकडूनही अपेक्षित आहे. तिथे तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

तुलना पुढच्या गोष्टींवर करा. कॅटलॉग कुठे राहतो? तो ज्या फाइलपूलमध्ये आहे तोच पूल हरवला तर टेपवर काय आहे हे कशावरून कळणार? कॅटलॉग टेपवरून नव्याने बांधता येतो का, आणि किती वेळात? कोऱ्या यंत्रावर, त्यांचं सॉफ्टवेअर बसवलेलं नसताना, त्यांची टेप वाचता येते का? पूर्ण डिस्कची प्रत डीडीआरला वाचता येईल अशा स्वरूपात निघते का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल तर ते उत्तर लेखी घ्या आणि पुढे चाचणीत करून बघा. परवाना संपलेल्या सॉफ्टवेअरच्या खास स्वरूपात अडकलेल्या टेपांचा ढीग मी बघितलाय.

क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेली अनेक झेड/व्हीएम, असेल तर आणखी एक प्रश्न. ७.१ पासून सिंगल सिस्टिम इमेज, म्हणजे असं क्लस्टर करायची सोय, मूळ झेड/व्हीएममध्येच मिळते आणि ७.३ पासून त्यात आठ सदस्य बसतात. बॅकअपचं मशीन एका सदस्यावर चालत असेल आणि तोच सदस्य बंद पडला, तर दुसऱ्यावरून काम पुढे चालतं का? की कोणीतरी रात्री उठून हाताने हलवायचं?

चौथी पायरी: लिनक्स वेगळं मोजा

सगळ्यात महागाची गैरसमजूत इथे आहे. चालू लिनक्स मशीनची डिस्क बाहेरून डीडीआरने उतरवली की बॅकअप झाला, असं लोक धरून चालतात. लिनक्स कितीतरी लेखन आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर टाकतं. डीडीआर पहिल्या सिलिंडरपासून शेवटच्यापर्यंत जाईपर्यंत मधल्या वेळात डिस्क बदललेली असते. अशी प्रत म्हणजे मळणी चालू असताना मोजलेली पोती. कधी जुळते, कधी नाही. नाही जुळली हे कळतं थेट परत आणायच्या दिवशी.

फ्लॅशकॉपीने डिस्कची क्षणात नक्कल काढून मग ती टेपवर घेणं बरं, पण मेमरीतलं लेखन त्यातही राहून जातं. म्हणून नक्कल काढण्याआधी लिनक्सच्या आतून फाइल सिस्टिम क्षणभर गोठवा, किंवा मशीन बंद करा. डेटाबेस असेल तर त्याचा स्वतःचा बॅकअप घ्या, बाहेरच्या कुठल्याच नकलेवर त्याला सोडू नका. रोजच्या फायलींसाठी लिनक्सच्या आत चालणारा क्लायंट हवा. आयबीएमचं स्टोरेज प्रोटेक्ट बऱ्याच ठिकाणी असतं. त्याचीच आधीची नावं एडीएसएम, टीएसएम आणि स्पेक्ट्रम प्रोटेक्ट, त्यामुळे जुने दस्तऐवज वाचताना चारही एकच समजा. दुसरं कोणतंही उत्पादन बघत असाल तर एस३९०एक्स साठी, म्हणजे मेनफ्रेमवरच्या लिनक्ससाठी, क्लायंट आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. 'लिनक्सवर चालतं' या वाक्याचा अर्थ विकणाऱ्याच्या तोंडी बहुतेक वेळा 'इंटेलच्या लिनक्सवर चालतं' एवढाच असतो.

पाचवी पायरी: सुरक्षा

बाहेरचं सुरक्षा सॉफ्टवेअर नसेल तर मशीनचे आणि मिनिडिस्कांचे पासवर्ड डिरेक्टरीच्या मूळ फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. एखाद्या मिनिडिस्कच्या वाचण्याच्या पासवर्डच्या जागी 'ऑल' हा शब्द असला, तर ती कोणालाही वाचता येते. कोणी काय वाचलं याची कामाची नोंदही राहत नाही. लिनक्सवर ग्राहकांचा डेटा ठेवणाऱ्याने असं राहू नये, इथे मी वाद घालत नाही.

पर्याय मुख्यतः दोन. आयबीएमचं आरएसीएफ, सोबत डिरेक्टरी सांभाळायला डिरमेन्ट. ही दोन्ही झेड/व्हीएमसोबत बसवलेलीच येतात, फक्त बंद असतात, आणि पैसे भरून चालू करायची. नाहीतर ब्रॉडकॉमचं व्हीएम:सिक्युअर, ज्यात डिरेक्टरीची व्यवस्था आणि प्रवेशाचे नियम एकाच ठिकाणी आहेत. जुन्या ठिकाणी एसीएफ२ किंवा टॉप सिक्रेटही भेटतात.

माझा कल सांगतो. त्याच संस्थेत झेड/ओएस या मेनफ्रेमच्या दुसऱ्या सिस्टिमवर आरएसीएफ असेल आणि ते जाणणारी माणसं असतील, तर इथेही आरएसीएफ घ्या. ऑडिटर ते ओळखतो, अहवाल मागताना तुम्हाला शिकवत बसावं लागत नाही. फक्त लिनक्ससाठी झेड/व्हीएम आणलंय आणि टीम दोन माणसांची आहे, तर व्हीएम:सिक्युअरचे नियम वाचायला सोपे पडतात. ज्याला कोणी सांभाळणारच नाही असं चांगलं सॉफ्टवेअर घेण्यात हशील नाही. रोही-रानडुकरांसाठी झटका मशीन आणून बॅटरी चार्ज न करणारे शेतकरी आमच्याकडेही आहेत.

काहीही निवडलं तरी चार गोष्टी करून दाखवायला सांगा. एक, सामायिक पासवर्डऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या पासवर्डने 'लॉगऑन बाय' करून सिस्टिमच्या मशीनवर जाणं. दोन, लिंक करण्याचे, म्हणजे दुसऱ्याची मिनिडिस्क जोडून घेण्याचे, प्रकार वेगवेगळे रोखणं. एमडब्ल्यू, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी लिहिणं, सीएमएसच्या डिस्कवर घातक आहे, ते सरसकट बंद ठेवता यायला हवं. तीन, व्हर्च्युअल स्विचला (मशीनना नेटवर्क देणारा आभासी स्विच) कोणतं मशीन जोडलं जाईल यावर ताबा. चार, नोंदी किती दिवस टिकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस राखायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. आरएसीएफच्या नोंदी दोन डिस्कांवर आळीपाळीने जातात. त्या भरल्यावर रित्या करून दुसरीकडे साठवायचं काम कोणाचं, हे विकत घेतानाच ठरवा.

पडदा दूरवरून वापरणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, एवढं करावं: टीएन३२७०, म्हणजे हिरवा पडदा नेटवरून उघडायची पद्धत, टीएलएसच्या एन्क्रिप्शनमधूनच, आणि वर व्हीपीएन. साध्या टीएन३२७० मध्ये पासवर्ड उघडा जातो. तालुक्याच्या एखाद्या सेवा केंद्राच्या वायफायवर बसून तर नकोच.

सहावी पायरी: दोन्ही एकत्र ठेवून बघा

बॅकअपच्या मशीनला पासवर्डशिवाय लिंक करायची मुभा द्यावी लागते. डिरेक्टरीत त्यासाठी एलएनकेनोपास हा पर्याय आहे. म्हणजे या मशीनवर जो बसला तो सगळ्यांच्या कोठीत शिरला. त्यावर थेट लॉगऑन बंद ठेवा, फक्त दोन नावांना 'लॉगऑन बाय' द्या आणि त्याची प्रत्येक लिंक नोंदवा. परत आणण्याचा अधिकार बॅकअप घेण्याच्या अधिकारापासून वेगळा करता येतो का, हेही विचारा. दुसऱ्याची फाइल स्वतःच्या डिस्कवर 'परत' आणणं हा डेटा चोरायचा सगळ्यात शांत मार्ग आहे.

टेप एन्क्रिप्ट कराच. पण किल्ल्यांचा सर्व्हर कुठे आहे ते बघा. तो त्याच झेड/व्हीएमवरच्या एका लिनक्स मशीनवर असेल, तर सिस्टिम गेल्यावर टेप उघडायला किल्ली हवी आणि किल्ली टेपमध्ये. घराची चावी घरात ठेवून कडी लावल्यासारखं. मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी नुसतं विचारलं, 'बियाणं अन् खायचं धान एकाच कोठीत ठेवते का कोनी?'

आता माझ्यावर बेतलेलं. एका ग्राहकाकडे दुसऱ्या केंद्रावर रंगीत तालीम होती. पोळ्याची रात्र, खाली अंगणात बैलांचे साज उतरवणं चाललेलं, मी माडीवर. डिस्का चढल्या, झेड/व्हीएम उठलं, लिनक्सची मशीनंही उठली. पण पाच मशीनना नेटवर्कच नाही. दीड तास आम्ही केबल, स्विच, पत्ते यांच्या मागे होतो. कारण निघालं ते असं: डिरेक्टरीचा बॅकअप मंगळवारचा आणि आरएसीएफच्या डेटाबेसचा आधीच्या शनिवारचा. ही पाच मशीनं सोमवारी तयार झाली होती. सातबाऱ्यावर नावं होती, पण आरएसीएफच्या लेखी ती नव्हतीच, म्हणून व्हर्च्युअल स्विचने त्यांना जोडून घेतलं नाही. दोन टीमनी दोन सॉफ्टवेअर आपापल्या वेळापत्रकावर लावली होती. दोन्ही बॅकअप आपापल्या जागी बिनचूक होते.

तेव्हापासून डिरेक्टरी आणि सुरक्षेचा डेटाबेस यांची प्रत एकापाठोपाठ, एकाच कामात घेतो. आरएसीएफला मुख्य आणि राखीव असे दोन डेटाबेस असतात, पण राखीववर भिस्त ठेवू नका. चुकीने खोडलेला प्रोफाइल (परवानग्यांची नोंद) दोन्हींतून त्याच क्षणी जातो. तपासून घेतलेली वेगळी प्रत हवी, ती आरएसीयूटी२०० ने काढता येते.

सातवी पायरी: चाचणी

इथे व्हीएमवाले नशीबवान आहेत. झेड/व्हीएमच्या आत दुसरं झेड/व्हीएम चालवता येतं. दुसरं यंत्र न मागता, आतल्या सिस्टिमवर व्हेंडरचा चाचणी परवाना बसवा. मग ती सिस्टिम मुद्दाम मोडा. आधी एक फाइल खोडा आणि आणून दाखवायला सांगा. नंतर एक अख्खी मिनिडिस्क. मग कॅटलॉग ज्या पूलमध्ये आहे तो पूल. शेवटी सगळ्या डिस्का पुसून टाका आणि नुसत्या टेपांवरून उभं करायला लावा. कळफलकावर तुमचा माणूस बसवा, व्हेंडरचा तज्ज्ञ फोनवर. त्यांच्या माणसाने करून दाखवलेलं पंचवीस मिनिटांचं प्रात्यक्षिक मी निवडीत धरत नाही.

नव्या पोरांना हात बसवायचा असेल तर हर्क्युलिस हे इम्युलेटर आणि त्यावर व्हीएम/३७० ची कम्युनिटी आवृत्ती जुन्या लॅपटॉपवर फुकट चालते. सिस्टिम पन्नास वर्षांपूर्वीची, पण डीडीआर तिथेही आहे, मिनिडिस्का आहेत, डिरेक्टरीही आहे. दोन रविवार घालवा, धास्ती जाते.

किमतीबद्दल थोडंच. झेड/व्हीएम आणि त्याची जोडसॉफ्टवेअर बहुधा इंजिनांच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, संख्येवर मोजली जातात, म्हणून पुढच्या वर्षी इंजिन वाढणार असेल तर तो भाव आजच लिहून घ्या. दुसऱ्या केंद्रावर फक्त तालमीसाठी आणि आपत्तीत चालवायचा परवाना वेगळा लागतो का? परवान्याची किल्ली यंत्राच्या क्रमांकाला बांधलेली असेल, तर रात्री दोनला दुसऱ्या यंत्रावर ती कोण देणार? हे उत्तर करारात हवं, ईमेलमध्ये नको.

निवड झाली, सॉफ्टवेअर बसलं, की कोऱ्या यंत्रावरून उभं करायची कृती कागदावर छापा. कोणत्या टेपवर काय, कोणत्या क्रमाने, कोणाच्या सहीने पासवर्डचं पाकीट उघडायचं. एक प्रत पहिल्या केंद्राच्या तिजोरीत, दुसरी दुसऱ्या केंद्राच्या. मला ती घरी ठेवायची परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. माझ्या माडीच्या भिंतीवर फक्त एक फोन नंबर आहे, तिजोरी उघडणाऱ्या माणसाचा. त्याच्या खाली महावितरणच्या लाइनमनचा.